बाबांसाठी बांधून दिलेलं

प्रिय ताई,

तुला आणि तुझ्या प्लास्टरमधल्या हाताला धाकट्या भावाचा नमस्कार. पत्रात आधी नमस्कार लिहायचा आणि मग प्रकृती विचारायची, अशी बाबांची शिस्त होती. पण या वेळी तुझी प्रकृतीच आधी डोळ्यांसमोर येते, म्हणून दोन्ही एकत्र उरकतो. हात कसा आहे? खाज सुटत असेल तर आत पट्टी घालून खाजवू नकोस. (माझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा माझी पट्टी आत राहिली होती. डॉक्टरांनी प्लास्टर कापल्यावर ती माझ्या हातात दिली आणि काही बोलले नाहीत, पण बघितलं.) भावोजींना स्वयंपाक जमायला लागला का, की अजून अंडीच चालू आहेत? भाचीला अनेक आशीर्वाद. आपल्या जुन्या वस्तीतल्या खाण्याच्या जागा अजून जाण्यासारख्या आहेत का, हे तिला हवं आहे असं तू म्हणालीस, तर ती सगळी हकीकत पुढे आहे. तिला वाचून दाखव. मधला भाग गाळ. कुठला ते वाचताना कळेल.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तू म्हणणार. फोनवर मी नुसता 'हं' म्हणतो, अशी तुझी जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण त्याला माझं कामही कारण आहे. लिफ्ट तपासणारा माणूस दिवसभर एका पेटीत उभा राहून वर जातो आणि खाली येतो. बाहेर कितीही बडबड करणारा माणूस असला तरी लिफ्टमध्ये शिरला की दारावरच्या आकड्यांकडे बघत गप्प होतो. अशा गप्प झालेल्या माणसांच्या सोबतीत माझी नोकरी गेली. मला बोलायची वेळ येते ती लिफ्ट अडकल्यावर, आणि तेव्हाही मी एकच वाक्य बोलतो, "घाबरू नका, मी आहे." ते ऐकून आजवर कोणी घाबरायचं थांबल्याचं मला आठवत नाही.

तर तू मला दोन कामं सांगून इथे पाठवलंस. (तिसरं, म्हणजे बाबांच्या खोल्या रिकाम्या करून घरमालकाला किल्ली देणं, हे आपलं दोघांचं काम होतं. पण माळ्यावरची बॅग काढायला तू स्टुलावर चढलीस आणि ते माझ्या एकट्याचं झालं.) पहिलं काम, बाबा दर रविवारी सकाळी आपल्याला जिथे जिथे न्यायचे त्या तिन्ही ठिकाणी जाऊन खायचं, नुसतं चाखायचं नाही, ताट संपवायचं, आणि तुला लिहून कळवायचं. दुसरं काम, त्या तिघांना बाबा गेल्याचं सांगायचं. बाबा आजारपणात माझ्याकडे आले ते परत इकडे आलेच नाहीत, त्यामुळे या लोकांना काही कळलेलं नसणार. उडत उडत कळण्यापेक्षा घरच्या माणसाने समोर उभं राहून सांगावं, असं तू म्हणालीस. मी 'हं' म्हणालो. मला ते काम सोपं वाटलं होतं. दोन शब्द तर बोलायचे होते.

आता पहिल्या कामाबद्दल. कोपऱ्यावरचं चहाचं दुकान जागेवर आहे. दुकानदारही तोच आहे, आपण ज्याला पाठीमागे 'वाफ' म्हणायचो तो. अजूनही तो मोठ्या किटलीच्या मागे उभा असतो आणि अजूनही त्याचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसतो, आधी मिशा, मग एक डोळा, मग वारा आला तर टक्कल. चहा उत्तम चालू स्थितीत. पाव ताजा. लोण्याचा थर आपल्या वेळेपेक्षा पातळ, पण लावायची पद्धत तीच, चाकू पावाला शेवटी पुसायची. बाहेरच्या बाकाचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली घडी घालून घातलेला पुठ्ठा मला ओळखीचा वाटला. मी बसल्याबरोबर वाफेतून आवाज आला, "काय रे मुक्या, बहिणीने पाठवलं तेव्हा आलास ना?" हे त्याने कसं ओळखलं असं तेव्हा माझ्या मनात आलं, पण तू मला कुठेतरी पाठवल्याशिवाय मी कुठेच जात नाही हे सगळ्या वस्तीला माहीत आहे.

मग त्याने विचारलं, बाबा कसे आहेत.

ताई, त्या क्षणी मला एक गोष्ट कळली. बाबा गेले हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. मला डॉक्टरांनी सांगितलं. तू तर तिथेच होतीस. नातेवाइकांना तू फोन केलेस, माझ्या ऑफिसात भावोजींनी कळवलं, शेजाऱ्यांनी काय ते बघितलं. मी सगळीकडे सह्या केल्या, सगळ्यांना पाणी दिलं, खुर्च्या आणल्या, खुर्च्या परत दिल्या. पण ते दोन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघालेले नव्हते. आणि आता ते काढायचे तर भरल्या दुकानात, बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे वळून बघत असताना. मी म्हणालो, बरे आहेत. तो म्हणाला, बरोबर आलेत का? मी म्हणालो, वर आहेत. तो म्हणाला, मग खाली का नाही आले? मी म्हणालो, "गुडघा."

आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मी एका शब्दात मारली. वाफेतून एक डोळा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने थर्मास काढला, तोंडापर्यंत चहा भरला, दोन पाव कागदात गुंडाळले आणि म्हणाला की हे बाबांना दे, आणि त्यांना सांग, उरवायचं नाही. नको म्हणायला काही कारण पाहिजे ना? माझ्याकडे कारण एकच होतं आणि तेच सांगता येत नव्हतं. मी थर्मास घेऊन जिना चढलो. खोलीत बाबांची वेताची खुर्ची आहे, ती तशीच खिडकीकडे तोंड करून आहे. मी समोरच्या ट्रंकेवर बसलो आणि सगळा चहा प्यायलो. चहात साखर होती, चांगली दोन दोन चमचे. बाबा बिनसाखरेचा प्यायचे, आणि तो पिऊन वर "पाणचट आहे" असं रोज म्हणायचे, हे वाफ विसरला म्हणजे बिचाऱ्याचंही वय झालं.

दुसऱ्या दिवशी बेकरीत गेलो. इथे सांगणं सोपं जाईल असा माझा हिशेब होता, कारण बेकरीवाले काका माझ्याहून कमी बोलतात. त्यांचं सगळं बोलणं भुवयांनी चालतं. तुला आठवत असेल, बाबा तिथे टोस्ट उचलून काउंटरवर दार वाजवल्यासारखे ठोकायचे आणि म्हणायचे, "कालचा आहे." काका काही न बोलता तो टोस्ट काउंटरखाली ठेवायचे आणि खालून दुसरा काढून द्यायचे, आणि तो तोच असायचा. बाबा तो ठोकून म्हणायचे, "हा ताजा." हे दर रविवारी. दोघांपैकी कोणीही कधी हसलं नाही. (भाचीला सांग: टोस्ट अजूनही दगडासारखा, म्हणजे उत्तम. भट्टी तीच. काचेच्या बरणीचं झाकण नवीन, जुनं झाकण मी लहानपणी फोडलं होतं असं तू म्हणतेस, पण ते तूच फोडलंस.)

तर काकांनी मला बघितलं, भुवई वर केली. म्हणजे, कधी आलास? मी मान हलवली. मग त्यांनी टोस्टची बरणी पुढे ओढली आणि दोन्ही भुवया वर केल्या. म्हणजे, बाबांसाठी? मी तोंड उघडलं. तोंड उघडून मी तसाच उभा राहिलो. माझ्या मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतली एक पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. काकांनी बराच वेळ वाट बघितली. मग हळूच स्वतःच्या दातांवर बोट आपटून दाखवलं. म्हणजे, दात गेले का त्यांचे? ताई, मी हो म्हणालो. चालत्या गाडीच्या दांडीला धरावं तसं मी त्या दातांना धरलं. काकांनी बरणी मागे ढकलली, पुठ्ठ्याच्या खोक्यात क्रीम रोल भरले आणि दोऱ्याने बांधले. बाबा क्रीमला साबणाचा फेस म्हणायचे, ते क्रीम रोल. लहानपणी मी त्यासाठी रडायचो. आताही वाईट नाहीत. क्रीम पूर्वीइतकंच शेवटपर्यंत भरलेलं असतं, मधे फसवणूक नाही, हे मी चारही रोल तपासून लिहितो आहे.

राहिली मावशींची खानावळ. त्या दिवशी मी सांगणारच होतो. जिन्यात उभं राहून मी ते वाक्य म्हणून बघितलं. वर चढताना एकदा, खाली उतरताना एकदा. खालच्या शिंप्याने दार उघडून बघितलं आणि मी बूट बांधायला खाली वाकलो. (माझ्या पायात चपला होत्या.) पण मावशींसमोर बोलायची एक अडचण आहे ती तुला ठाऊक आहेच. त्या पळी घेऊन डोक्याशी उभ्या राहतात आणि आपण काही बोलेपर्यंत वाढत राहतात. विचार करायला वेळ घ्यावा तर भाताचा ढीग वाढतो. त्यांनी विचारलं, बाबांना आणलंस का बरोबर? आता 'वर आहेत' म्हणावं तर मावशी पळीसकट जिना चढून गेल्या असत्या, त्यांना कोण अडवणार? भात नाकापर्यंत आला होता. मी म्हणालो, ताईकडे आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मावशींनी पळी खाली केली आणि म्हणाल्या, बरं. आधी जेव.

मी जेवलो. (भात मऊ, बटाट्याची भाजी होती तशीच, मासा ताजा आणि तळलेला. टेबलं पुसायचा फडका नवा पाहिजे. खिडकीजवळची जागा धरावी, पण तिथून चहावाल्याचा बाक दिसतो आणि मावशींना त्या बाकाकडे बघितलेलं आवडत नाही. तो बाक वाफने त्यांच्या खिडकीपुढे सरकवला त्याला आता भाचीएवढी वर्षं झाली असतील. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत.) जेवण झाल्यावर मावशींनी डबा भरला आणि तो ताईकडे बाबांना पोचव म्हणाल्या. तुझं गाव इथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तोवर तळलेल्या माशाचं काय होईल हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी कशाला विचारतोय? डबा वर नेला, उघडला. कांदा नव्हता. कच्च्या कांद्याशिवाय ज्यांनी कधी घास घेतला नाही त्या माणसाच्या डब्यात कांदा नाही. मला वास सहन होत नाही म्हणून मी लहानपणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचो, ते आठवलं. म्हटलं, मावशींचीही आठवण दगा द्यायला लागली. तिघेही एकदम म्हातारे झाले, आपल्या लक्षात आलं नाही.

तर अशी घडी बसली. सकाळी थर्मास, दुपारी डबा, संध्याकाळी खोकं. आणि नुसतं बांधून घेऊन निघता येत नाही, आधी समोर बसून स्वतःचं संपवायचं, मग बाबांचं मिळायचं. म्हणजे मी रोज दोन माणसांचं जेवत होतो, त्यांतला एक जेवणारा नव्हता. तू गेल्या महिन्यात म्हणाली होतीस ना, की माझ्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागेल? ते पाडलं होतं. आता मी पुन्हा जुन्या भोकावर आलो आहे आणि काल तेही सोडून बघितलं.

मधे मी आणखी एक प्रयत्न केला. भर दुपारी, दुकान रिकामं बघून वाफसमोर जाऊन उभा राहिलो. त्याने किटली खाली ठेवली. हात पुसले. किटली खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच बघितली. वाफ नसताना तो एक साधा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस निघाला. म्हणाला, "बोल." मी म्हणालो, "एक चहा." त्याने परत किटली उचलली.

थापा मारणाऱ्याने माणसं एकमेकांशी बोलत नाहीत ना, एवढं तरी बघावं. मी ते बघितलं होतं, म्हणून निश्चिंत होतो. पण न बोलणारी माणसंसुद्धा तिसऱ्याच्या मार्फत बोलतात, आणि काल संध्याकाळी तो तिसरा मी होतो. मी बाकावर बसलो होतो. मावशी खिडकीत आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला विचार, ज्याचा गुडघा धरलाय तो माणूस ताईकडे चालत गेला का?" वाफ किटलीआडून म्हणाला, "तिला सांग, मला 'वर आहेत' म्हणून सांगितलंय. डोळ्यांचं मला काही माहीत नाही." मावशी म्हणाल्या, "त्याला सांग, त्याला कशातलंच काही माहीत नसतं, बाक कुठे ठेवावा तेसुद्धा." मी दोघांच्या मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होतो. निरोप पोचवायची गरज नव्हती, दोघांना सगळं ऐकू येत होतं. एवढ्यात बेकरीवाले काका पावांची टोपली द्यायला आले, थोडा वेळ उभे राहिले, आणि दातांवर बोट आपटून दाखवलं.

ताई, त्या तिघांसमोर मी जे म्हणालो ते तुला सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, बाबा ताईकडून कालच परत आले. गुडघा, डोळा आणि दात, तिन्ही घेऊन आले. मग मावशी म्हणाल्या की एवढी सगळी दुखणी एका माणसाला झाली आहेत तर बघायला गेलं पाहिजे, उद्याचा दिवस जाऊ दे, रविवारी सकाळी येते. वाफ म्हणाला, तिला सांग, मीही येतोय. काकांनी मान हलवली.

आज शनिवार आहे. सकाळपासून मी खोली झाडली, कपाटं रिकामी केली, भांडी बांधून ठेवली, आणि मग ताटं लागतील म्हणून परत सोडली. वेताच्या खुर्चीसमोर बराच वेळ बसलो. उद्या ते तिघे जिना चढून येतील, हातात काहीतरी बांधलेलं असेल, आणि खुर्ची रिकामी असेल. तेव्हा माझी एक विनंती आहे. त्याआधी तू त्या तिघांना फोन करून सांगून टाक. तुला ते जमतं. माझ्या वाट्याचंही तूच सांग, आणि मी खोटं का बोललो तेही सांग, मला ते नीट माहीत नाही पण तुला असेल. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल, हे मला कळतं. रविवारच्या आधीचं काम मंगळवारी पोचणाऱ्या पत्रात लिहिणारा माणूस तुझाच भाऊ असू शकतो. पण कोणाला तरी सांगितलं एवढं तरी झालं.

भावोजींना नमस्कार. हाताला जप. स्टूल कोणाला तरी देऊन टाक.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट बंद केलं नव्हतं, बरं झालं. आज रविवार, दुपार. फोन करू नकोस. ते येऊन गेले. म्हणजे वाफ आणि काका गेले, मावशी स्वयंपाकघरात आहेत आणि माझी भांडी बांधायची पद्धत चुकीची आहे असं भिंतीला सांगताहेत. तिघे एकत्रच आले. जिन्यावर आधी कोणी चढायचं यावरून थोडं झालं, ते मी वरून ऐकलं. आत आले. वेताच्या खुर्चीकडे तिघांनीही बघितलं आणि कोणीही विचारलं नाही की बाबा कुठे आहेत. मला वाटलं, डोळे तर यांचेच गेलेत. वाफने किटली ठेवली, काकांनी खोकं सोडलं, मावशींनी जमिनीवर ताटं मांडली, एक, दोन, तीन, चार, आणि थांबल्या. चारच. मला वाढलं. पळी हातातच होती. मग म्हणाल्या, "मीठ बघ जरा."

हे वाक्य त्या बाबांना म्हणायच्या, आठवतं? दर वेळी. आणि बाबा एक घास घेऊन, डोळे मिटून, "मीठ कमी आहे" म्हणायचे, आणि मावशी मिठाची वाटी त्यांच्यापुढे आपटायच्या. मी घास घेतला. चावला. म्हणालो, "मीठ कमी आहे." आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच आवाजात, जणू तेही मिठाबद्दलच होतं, मी म्हणालो, "मावशी, बाबा गेले."

मावशींनी मिठाची वाटी आपटली नाही, नुसती ठेवली. म्हणाल्या, "हं. जेव आता." वाफ खिडकीबाहेर बघत होता. बेकरीवाले काका, ज्यांच्या तोंडून मी जन्मात पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं, ते घसा साफ करून मोठ्यांदा म्हणाले, "तुझ्या बहिणीने महिन्यापूर्वीच फोन केला होता." मावशी आणि वाफ दोघेही एकदम त्यांच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत ती दोघं एकाच बाजूने बोलली ती ही पहिली वेळ. काका तेव्हापासून परत भुवयांवर गेले आहेत.

ता. क. २. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. मी बोलत नाही, जेवत नाही, हे तू त्यांना सांगितलंस. त्याला बोलतं करू नका, त्याचा तो बोलेल, तोवर दोन्ही वेळ खाऊ घाला, हेही तूच सांगितलंस. नको म्हणाला तर बाबांच्या नावाने द्या, ही अक्कल मात्र मावशींची होती म्हणे. वाफ म्हणतो त्याची. दोघांचं त्यावरून परत बोलणं बंद झालं आहे. मी ज्याला त्यांचं म्हातारपण समजत होतो ती साखर, तो फेस आणि तो नसलेला कांदा, सगळं माझं होतं. आता लाज कोणाची कोणाला वाटायला पाहिजे याचा मी विचार करतो आहे. भाचीला मघाशी फोन केला होता, जेवणाच्या जागांबद्दल आणखी काही हवंय का विचारायला. ती म्हणाली, मामा, कसल्या जागा?

ता. क. ३. घरमालकाला भेटलो. किल्ली पुढच्या महिन्यात देतो म्हणालो. पूर्ण वाक्यात म्हणालो, त्यालाही नवल वाटलं असणार. तुझं प्लास्टर निघालं की ये. रविवार बघून ये, तिन्ही ठिकाणी जायचं आहे, आणि वेताची खुर्ची कोणाला द्यायची ते तिथे ठरवू. वाफला बाकाच्या जागी पाहिजे आहे, आणि तसं झालं तर मावशींची हरकत नाही. येताना माझ्या घरून कपाटातली राखाडी पँट आण, जी मला सैल होते म्हणून ठेवून दिली होती. आणि मावशींना एक फोन कर. मी सगळं सांगितलं आहे आणि नीट जेवतो आहे, तेव्हा दुसऱ्या माणसाचा डबा आता बंद केला तरी चालेल, असं त्यांना सांग.

ता. क. ४. नको, राहू दे. मीच सांगेन. पण लगेच नाही.

ता. क. ५. भाजीत मीठ बरोबर होतं. इतकी वर्षं बरोबरच असणार. हे मावशींना सांगू नकोस.